मटचे रंग उडाले : मकरपुऱ्याच्या ऑफिसातल्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

काकांचा जुना डेस्कटॉप अखेर काढला. त्यावर लिनक्स होतं. त्याच्या जागी आलेला लॅपटॉप विंडोजचा आहे आणि सर्व्हरवर शिरायला त्यात पुटी टाकलंय. सर्व्हर तोच, मेल वाचायचा मट हा प्रोग्रामही तोच, त्याच्या सेटिंगच्या मटआरसी फाइलला कुणी हात लावलेला नाही. तरी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या काकांचा फोन : "अरे, मधले मेल गेले कुठे? ओळी कोऱ्या दिसतायत."

ऑफिस वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, धंदा मशीनच्या सुट्या भागांचा. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हापासून सर्व्हर वरच्या फळीवर आहे. त्याला मॉनिटर नाही, जो तो एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षित जोडणी करूनच, शिरतो. काका मेलसाठी मट सोडून दुसरं काही वापरत नाहीत. मायकल एल्किन्स यांनी १९९५ साली हा प्रोग्राम लिहायला घेतला आणि काकांनी एकदा धरला तो सोडलाच नाही. माउसला हात न लावता त्यांचे दिवसभराचे मेल उरकतात, आणि उरकतात ते रंगांवर. दरपत्रकाची विचारणा नारिंगी, पैसे जमा झाले तर हिरवा, थकबाकी लाल, वाचून झालेलं काळं. काका आधी रंग बघतात, विषय मागाहून.

दुपारी जाऊन पाहिलं. मट उघडताना खाली तक्रार येते : मटआरसीची अमुक ओळ, कलर२०८ हा रंग या टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीला, येत नाही. मग कुठलंही बटण दाबा म्हणतं. काका दाबतात आणि पुढे जातात. नारिंगी ओळींना रंगच नाही. हेडर गडद निळे, काळ्या पडद्यावर, वाचायला डोळे ताणावे लागतात. आणि वाचून झालेले मेल खरोखरच कोरे. खालच्या बाणाने पट्टी त्या ओळीवर नेली की नाव, तारीख, विषय सगळं उमटतं. पट्टी पुढे सरकली की ओळ पुन्हा रिकामी. मेल एकही गेलेला नाही. काळ्यावर काळं लिहिलं जातंय.

निघताना काका म्हणाले, होम बटणही चालत नाही, पहिल्या मेलवर उडी मारता येत नाही. त्याचा रंगाशी काही संबंध दिसेना, म्हणून ते यादीत अगदी खाली लिहिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मटला हात न लावता सुरुवात केली. मेलच्या प्रोग्रामात रंग दिसले नाहीत की लोक आधी त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये घुसतात आणि चांगली चालणारी फाइल बिघडवून बसतात. रंग मटमध्ये तयार होत नाहीत. मट एनकर्सेस या लायब्ररीला सांगतं, एनकर्सेस टर्मइन्फोत, म्हणजे सर्व्हरवरच्या टर्मिनलांच्या नोंदवहीत, बघून संकेत पाठवतं, तो संकेत वाटेत टीमक्स (एका टर्मिनलात अनेक सत्रं चालू ठेवणारा प्रोग्राम) असेल तर त्याच्या हातून जातो, मग एसएसएच, आणि शेवटी पुटी त्याचं रंगात रूपांतर करतं. म्हणून तपासायचं ते पडद्याच्या टोकाकडून आत.

पहिली चाचणी : हा पडदा २५६ रंग दाखवू शकतो की नाही. त्यासाठी मधल्या सगळ्यांना वगळून थेट संकेत छापला. एस्केप, चौकोनी कंस, ३८, ५, रंगाचा क्रमांक, शेवटी एम, मधे अर्धविराम. ० ते २५५ असा लूप फिरवला. पुटीच्या खिडकीत रंगीबेरंगी पट्टा अगदी व्यवस्थित आला, २०८ नंबरचा नारिंगीही ठसठशीत. म्हणजे पडद्यात खोट नाही.

दुसरी चाचणी : टीपुट कलर्स, म्हणजे किती रंग येतात हे सर्व्हरला विचारणारी आज्ञा. उत्तर ८.

इथेच काय ते कळलं. पडदा २५६ दाखवतो आणि सर्व्हरला वाटतंय ८. एसएसएचची जोडणी होताना पुटी स्वतःचं एक नाव सांगतं, ते सर्व्हरवर टर्म या व्हेरिएबलमध्ये येऊन बसतं. पुटीच्या मूळ सेटिंगमध्ये हे नाव ‘एक्सटर्म’ असतं. सर्व्हर पडद्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्या नावाची नोंद टर्मइन्फोत उघडतो आणि तिथे लिहिलंय तेवढंच खरं मानतो. रेशनकार्डावर चार माणसं लिहिली असली की घरात सात जेवतात हे दुकानदाराला दिसत असलं तरी उपयोग नाही, तसंच. टर्मइन्फोत साध्या एक्सटर्मपुढे रंग ८ आणि ‘एक्सटर्म-२५६कलर’पुढे २५६. जुन्या डेस्कटॉपचं टर्मिनल हे दुसरं नाव सांगायचं, म्हणून काकांना कधी काही जाणवलं नाही.

खुद्द एक्सटर्मला २५६ रंग केव्हाच येतात. पण त्या नावाआड इतके वेगवेगळे प्रोग्राम लपलेले असतात की नोंद ८वर ठेवणंच शहाणपणाचं. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

पुटीत कनेक्शनखाली डेटा, तिथे टर्मिनलच्या प्रकाराची चौकट आहे. त्यात एक्सटर्म-२५६कलर लिहिलं आणि सेशनच्या पानावर परत येऊन सेव्ह दाबलं. हे सेव्ह करायचं राहिलं की पुढच्या वेळी पुन्हा आठच रंग, आणि मग माणूस भलतीकडेच शोधत बसतो. नव्याने जोडलं. टीपुट कलर्स : २५६. मट उघडलं, तक्रार गायब, विचारणा नारिंगी.

काळ्यावर काळं मात्र तसंच. होमही मुकंच.

२० ऑगस्ट, बुधवार

होम बटण यादीतून वर आणलं, कारण काका दिवसातून शंभरदा तेच दाबतात. शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग होम दाबलं, म्हणजे बटण नेमकं काय पाठवतंय ते दिसतं. एस्केप, चौकोनी कंस, १, नागमोडी. टर्मइन्फो वाचून दाखवणारी इन्फोकॉम्प ही आज्ञा चालवून एक्सटर्म-२५६कलरची नोंद उघडली, तर होमसाठी तिथे एस्केप, मोठा ओ, मोठा एच. पुटी एक बोलतं, सर्व्हर दुसरंच ऐकायला बसलाय. साध्या एक्सटर्मच्या नोंदीतही तेच लिहिलंय, म्हणून सोमवारपासून होम बंद होतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं : पुटी स्वतःला एक्सटर्म म्हणवतं, आणि ते एक्सटर्म नाही.

पुटीची स्वतःची नोंद आहे, ‘पुटी-२५६कलर’. तिच्यात होमचा संकेत पुटी पाठवतं तोच आहे. चौकटीत ते नाव टाकलं, जोडलं, मट चालवलं. मट उघडलंच नाही. या नावाचं टर्मिनल उघडता येत नाही, एवढी एक ओळ, आणि पुन्हा प्रॉम्प्ट. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "रंग जाऊ दे, मेल तरी येतील ना?"

सर्व्हरवर डेबियन लिनक्स आहे. त्याच्या मूळ एनकर्सेस-बेस पॅकेजात नेहमीच्या मोजक्याच टर्मिनलांच्या नोंदी असतात. बाकीचा गोतावळा एनकर्सेस-टर्म या वेगळ्या पॅकेजात आहे, पुटी त्यातच. ॲप्ट या पॅकेज टाकायच्या आज्ञेने ते टाकलं. रीस्टार्ट वगैरे काही लागत नाही. मट उघडलं, नारिंगी आहे, होम दाबलं तर पहिल्या मेलवर. एंडही चाललं.

नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो बॅशआरसीत, म्हणजे सर्व्हरवर शिरताना चालणाऱ्या फाइलीत, टर्म हाताने एक्सपोर्ट करायचा. ते मुद्दाम टाळलं. तिथे एक नाव कोरून ठेवलं की पुटीतून येणारा, दुसऱ्या टर्मिनलातून येणारा, टीमक्सच्या आत बसलेला, सगळ्यांना तेच नाव चिकटतं आणि निदान दोघांच्या बाबतीत ते खोटं असतं. नाव ज्याचं त्याने सांगावं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

माझ्याकडचं कोडं. मी दांडिया बाजारातल्या घरून, आणखी एका विंडोज मशीनवरच्या पुटीतून, त्याच सर्व्हरवर जातो, पण टीमक्समधून. काकांचीच मटआरसी मला तिथे कसलीही तक्रार न करता उघडायची. नारिंगीच्या जागी मात्र दुसराच, जवळपासचा रंग. काकांकडे तक्रार आणि माझ्याकडे गुपचूप बदल, हे कसं?

टीमक्समध्ये दोन नावं असतात. आतल्या प्रोग्रामला टीमक्स स्वतःचं नाव सांगतं. आमच्या कॉन्फिगरेशनमध्ये डिफॉल्ट-टर्मिनलला ‘स्क्रीन-२५६कलर’ आहे, म्हणून मट खूश. पण टीमक्सला स्वतःला बाहेर पुटीशी बोलायचं असतं आणि तिथे ते बाहेरच्या टर्मवरच चालतं. बाहेर साधं एक्सटर्म असेल तर टीमक्स २५६मधला रंग मुकाट्याने आठांतल्या जवळच्या रंगावर आणून टाकतं. अशी चूक आरडाओरडा करत नाही म्हणून जास्त वाईट. घरच्या पुटीतही नाव बदललं, टीमक्समधून डिटॅच होऊन पुन्हा अटॅच केलं, झालं.

डिफॉल्ट-टर्मिनलमध्ये स्क्रीन किंवा टीमक्सच्या कुळातलंच नाव हवं असं टीमक्सचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं. तिथे पुटी-२५६कलर टाकायचा मोह होईल कुणाला, म्हणून कॉन्फिगरेशनमध्येच टीप लिहून ठेवली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज काळ्यावर काळं. हा नाव-गावाचा घोळ नाही, पार्श्वभूमीचा आहे. जुन्या डेस्कटॉपवर काकांनी टर्मिनलची पार्श्वभूमी फिकट पिवळसर ठेवली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काळा पडदा त्यांना सहन होत नाही. मटआरसीत वाचलेल्या मेलला काळा अक्षररंग आणि पार्श्वभूमी ‘डिफॉल्ट’ दिलेली. डिफॉल्ट म्हणजे टर्मिनलची असेल ती. पुटीची असते काळी. हिशेब झाला.

दोन्हीकडून दुरुस्ती केली. पुटीच्या कलर्समध्ये डिफॉल्ट बॅकग्राउंड पुन्हा फिकट पिवळसर, फोरग्राउंड गडद राखाडी. आणि मटआरसीत काळा काढून तिथेही डिफॉल्ट. म्हणजे पडदा काळा असो की गोरा, वाचलेला मेल नाहीसा होणार नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतलं एक ठरवलेलं आणि एक डिफॉल्ट, अशी जोडी फाइलभर शोधली. बऱ्याच निघाल्या. ठरवलेला रंग दोन्ही पडद्यांवर उठून दिसत असेल तरच ती ठेवली, अपवाद फक्त हेडरच्या निळ्याचा.

निळ्याचंही कळलं. पुटीचा मूळ एएनएसआय निळा (टर्मिनलच्या ठरलेल्या मूळ रंगांतला) म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा १८७. काळ्यावर तो जवळजवळ बुडतो, फिकट पडद्यावर छान उठतो. त्याला बदलायची आता गरज नाही.

मग नारिंगी. काकांना शेजारी बसवून मंगळवारचीच रंगपट्टी काढली, फक्त नारिंगीच्या घरातली. २५६ रंगांत पहिले १६ टर्मिनलने ठरवलेले, १६ ते २३१ हा सहा गुणिले सहा गुणिले सहाचा घन, आणि २३२ ते २५५ राखाडीच्या २४ छटा. घनातला नंबर काढायला १६ + ३६ गुणिले लाल + ६ गुणिले हिरवा + निळा, प्रत्येक पायरी ० ते ५. २०८ म्हणजे लाल ५, हिरवा २, निळा ०. लाल एक पायरी उतरवून ४, हिरवा १ केला की १६६. काकांनी पट्टीवर बोट ठेवून १६६ सांगितला, मी हिशेब करायच्या आधी. "हा बघ, हा विटकरीकडे झुकलाय, पण वाचता येतो. तो तुझा २०८ नुसता चमकतो." फिकट पार्श्वभूमीवर त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. १६६ कायम.

२३ ऑगस्ट, शनिवार

हिशेब बघणारे भाई आज शेजारी बसून बघत होते. सहज म्हणाले, मला जमा आणि थकबाकी एकसारखंच दिसतं. लाल-हिरव्यात त्यांची नेहमी गल्लत होते आणि आजवर कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. जमेचे मेल विषय वाचून ओळखायचे. पैशांचे मेल भाईच हाताळतात, आणि रंग ठरवले होते काकांनी!

हिरवा काढला. जमा आता निळी, नंबर २५ : लाल ०, हिरवा १, निळा ३. थकबाकीचा लाल राहिला, पण सोबत ठळक अक्षर आणि खाली रेघ. मटमध्ये रंगाआधी असे गुण लिहिता येतात. आता रंग पूर्ण गेला तरी थकबाकी ओळखू येईल. नारिंगी विचारणा आणि निळी जमा ही जोडी भाईंना स्पष्ट वेगळी दिसते, त्यांनी चार मेलवर बोट ठेवून दाखवलं.

मेलच्या यादीच्या रंगांत शेवटी लिहिलेला नियम आधीच्यावर मात करतो. थकबाकीचा मेल नवाही असतो, म्हणून नव्या मेलचा नियम वर आणि थकबाकीचा खाली. क्रम हलवू नये.

२५ ऑगस्ट, सोमवार

मराठी विषयांचे मेल. पुण्या-नाशकाकडची गिऱ्हाइकं मराठीत लिहितात. अशा ओळीवर पट्टी आणली की रंग कधी अक्षरांच्या आधीच संपतो, कधी पुढच्या रकान्यात घुसतो, आणि पट्टी सरकली की ओळीच्या टोकाला मागच्याचे तुकडे उरतात. हे रंगाचं दुखणं वाटतं, पण आहे रुंदीचं.

टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी. एक अक्षर, एक चौकट. आपल्या लिपीत ते बसत नाही. युनिकोडने मात्रांचे दोन गट केलेत. उकार, एकाराची मात्रा, अनुस्वार, हलन्त हे जागा न घेणाऱ्या गटात, तर काना, वेलांट्या, ओकार हे जागा घेणाऱ्या गटात. पहिल्या गटाला शून्य चौकटी यावर फारसा वाद नाही. दुसऱ्या गटाला कुणी एक चौकट देतं, कुणी शून्य. ‘दरपत्रकाची मागणी’ या एका विषयात काने दोन, दीर्घ वेलांट्या दोन. सर्व्हरने त्यांना एकेक चौकट मोजली आणि पुटीने नाही, तर चार चौकटींचा फरक पडला. शिवाय त्र सारखी जोडाक्षरं पुटी नीट जोडतच नाही.

हे मटआरसीतून सुटणारं नाही. नुकसान कमी करता येतं तेवढं केलं. इंडेक्सच्या, म्हणजे मेलच्या यादीच्या, मांडणीत तारीख, खुणा, आकार आधी, पाठवणारा आणि विषय शेवटी, म्हणजे गडबड झालीच तर उजव्या टोकालाच. कर्सरच्या पट्टीची पार्श्वभूमी काढून ठळक आणि अधोरेखित अक्षर ठेवलं, रंग कुठे संपतो हा प्रश्नच राहत नाही. तुकडे उरले तर कंट्रोल-एल, म्हणजे पडदा नव्याने काढला जातो. काकांना ते एकदा सांगितलं, त्यांनी लगेच तीनदा दाबून पाहिलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

एका गिऱ्हाइकाने दरांचा तक्ता पाठवून लिहिलं, लाल केलेल्या ओळी तेवढ्या बघा. आमच्याकडे एचटीएमएल मेल डब्ल्यूथ्रीएम हा टर्मिनलातला ब्राउजर साध्या मजकुरात उतरवून देतो, त्यात लाल उरतच नाही. भाई म्हणाले, मग रंग येऊ द्या ना. मटमध्ये अलाउ-एएनएसआय नावाचं सेटिंग आहे, मेलमधले रंगाचे संकेत जसेच्या तसे मानण्याचं. ते मुळात बंद असतं आणि बंदच ठेवलं. ते चालू असलं की बाहेरून आलेला मेल मटच्या स्वतःच्या सूचनेच्या रंगात काहीही दाखवू शकतो, सही तपासली आहे असं खोटंसुद्धा. पैशांचे मेल येतात तिथे हा धोका नको. अशा मेलला व्ही दाबून तो भाग सेव्ह करायचा आणि ब्राउजरमध्ये उघडायचा. एक मिनिट जास्त जातं, जाऊ दे.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. ऑफिस बंद.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

शेवटचं राहिलेलं. कधी सर्व्हर फळीवरून उतरवून त्याला मॉनिटर जोडावा लागला, तर तिथल्या साध्या कन्सोलवर टर्मचं नाव ‘लिनक्स’ आणि रंग ८. तिथे १६६ मागितला की पुन्हा तीच तक्रार. म्हणून मटआरसीतून रंग बाहेर काढले. दोन फाइली केल्या, एक ८ रंगांची, एक २५६ची, नावाच्या शेवटी तो आकडा. मटआरसीत सोर्सच्या, म्हणजे दुसरी फाइल वाचायला सांगणाऱ्या, ओळीत उलट्या अवतरणांत टीपुट कलर्स टाकलं. मट उघडताना ती आज्ञा चालते, जो आकडा येईल त्याच नावाची फाइल उचलली जाते. ८च्या फाइलीत विचारणा पिवळी न ठेवता किरमिजी ठेवली, कारण फिकट पडद्यावर पिवळं दिसत नाही आणि काळ्यावर किरमिजी चालून जातं. थकबाकी दोन्हीकडे ठळक आणि अधोरेखित.

तपासणी : टर्मला त्या एका आज्ञेपुरतं लिनक्स नाव देऊन मट उघडलं, तक्रार नाही, किरमिजी दिसलं. पुटीतून साधं उघडलं, १६६. टीमक्समधून, १६६. घरून, १६६. मराठी विषयाच्या ओळीवर पट्टी नेऊन आणली, उजव्या टोकाला एक काना उरला, कंट्रोल-एलने गेला.

बाकी : भाईंच्या मशीनवरच्या पुटीत नाव अजून एक्सटर्मच आहे, त्यांना सध्या ८ची फाइल मिळतेय. सोमवारी ते बदलायचं. जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क काकांनी कपाटात ठेवली आहे, तिच्यातली टर्मिनलची सेटिंग आता लागणार नाही.